खेळ रचणाऱ्याचं परतणं

१९४० साली अमेरिकेत जनगणना झाली, तेव्हा एलिझाबेथ मॅगी फिलिप्स या बाईंनी सत्तरी ओलांडली होती. त्यांच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात ‘खेळ तयार करणारी’ अशी नोंद आहे आणि मिळकतीच्या रकान्यात शून्य. मेरी पिलन यांच्या २०१५ साली आलेल्या ‘द मोनोपॉलिस्ट्स’ या पुस्तकात ही नोंद वाचली, तेव्हापासून ते दोन रकाने माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. ज्या कामातून एक पैसा येत नाही, त्या कामाचं नाव माणूस उतारवयात आपला व्यवसाय म्हणून का सांगतो? सवयीनं, हट्टानं, की अजून परत जायचं आहे म्हणून?

मला हे तिसरं उत्तर खरं वाटतं, आणि त्यातून एक प्रश्न निघतो. जगानं विसरलेल्या एखाद्या खेळकर्त्याला आपल्या कामात परत यायचं असेल, तर त्याला नेमकं काय परत मिळायला हवं? आणि ते देणं कोणाच्या हातात असतं?

आधी मॅगीबाईंची हकिकत. त्या पेशानं स्टेनोग्राफर होत्या. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाचं म्हणणं त्यांना मनापासून पटलं होतं. जमीन कोणी निर्माण केलेली नसते, म्हणून तिच्या वाढत्या किमतीवर समाजाचा हक्क असावा, असं ते म्हणणं. हे लोकांना भाषणांतून कळत नाही, खेळातून कळेल, म्हणून त्यांनी ‘द लँडलॉर्ड्स गेम’ हा पट रचला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. पुढे या खेळाला नियमांचे दोन संच आले. एकात जमिनी बळकावून इतरांना कंगाल करणारा जिंकतो, तर दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांचाच लाभ होतो. दोन्ही खेळून बघा आणि मग ठरवा, असा त्यांचा रोख होता.

पट हातोहात पसरला. लोकांनी घरी नकला काढल्या, नियम बदलले, आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावं घातली. अशाच एका नकलेवरून चार्ल्स डॅरो या गृहस्थांनी ‘मोनोपॉली’ तयार केली आणि १९३५ मध्ये ती पार्कर ब्रदर्स या कंपनीला विकली. त्याच वर्षी कंपनीनं मॅगीबाईंचं पेटंट ५०० डॉलरना घेतलं, विक्रीवर मानधन नाही. मात्र त्यांचे आणखी काही खेळ काढायचं ठरलं. बाईंना आनंद झाला तो या दुसऱ्या गोष्टीचा, कारण आपला विचार आता घरोघर पोचेल असं त्यांना वाटलं. कंपनीनं १९३७ मध्ये त्यांचे दोन खेळ आणि १९३९ मध्ये खुद्द ‘द लँडलॉर्ड्स गेम’ छापलाही. पण ते फारसे खेळले गेले नाहीत. १९४० मधलं ते शून्य या परतण्यानंतरचं आहे. १९४८ मध्ये त्या गेल्या. पुढे १९७०च्या दशकात राल्फ अन्सपाख या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या ‘अँटी-मोनोपॉली’ या खेळावरून खटला उभा राहिला. त्यांनी त्यासाठी जुने पट हुडकायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मॅगीबाईंचं नाव उजेडात आलं.

आपल्यापैकी किती जणांनी मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळलाय! जागा घ्यायच्या, घरं बांधायची, येणाऱ्याजाणाऱ्याकडून भाडं उकळायचं, आणि शेवटी धाकट्या भावंडाला रडवून पट गुंडाळायचा. तो त्याच खेळाचा आपल्याकडे आलेला वंशज. दुसरा नियमसंच आपल्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणजे खेळ जगभर गेला, रचणारी मागे राहिली, आणि रचणारीनं ज्यासाठी खेळ रचला ती गोष्ट तिच्याहूनही मागे राहिली.

इथे कोणी म्हणेल, मग कायद्यानं खेळ रचणाऱ्याला मालकी द्यावी. मला ते पटत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात कशाला शोध म्हणायचं नाही याची यादी आहे, आणि खेळ खेळण्याची पद्धत त्या यादीत बसते. कॉपीराइट पटावरच्या चित्राला मिळतो, नियमपुस्तिकेतल्या वाक्यांना मिळतो, पण खेळण्याच्या पद्धतीला मिळत नाही. हे योग्यच आहे. अंगणात खडूनं चौकोन आखणाऱ्या मुलीनं कोणाची परवानगी काढायची? खेळ लोकांच्या हातात बदलत राहतो, म्हणूनच तो टिकतो. पण कायद्यानं मालकी नाकारली म्हणजे देणंच उरलं नाही, असं होत नाही. उलट, कायदा जिथे थांबतो तिथे ते देणं आपल्या नीतीवर येऊन पडतं.

हे देणं तीन प्रकारचं आहे, असं मला वाटतं: नाव, भाकरी आणि खेळगडी.

नावाचं देणं समजायला सोपं. १९८८ साली जर्मनीत न्यूरेंबर्गच्या खेळणी-मेळ्याच्या वेळी १३ खेळकर्त्यांनी बिअरच्या पेल्याखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या: खोक्यावर आमचं नाव नसेल तर आम्ही प्रकाशकाला खेळ देणार नाही. तिथे आज खोक्यावर रचणाऱ्याचं नाव असतं, पुस्तकावर लेखकाचं असतं तसं. अनुवादकांना ही मागणी ओळखीची वाटेल. २०२१ मध्ये जेनिफर क्रॉफ्ट यांनी मुखपृष्ठावर आपलं नाव असल्याशिवाय यापुढे अनुवाद करणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना हायसं वाटलं होतं. माझ्या एका अनुवादाच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकानं माझं नाव आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याखाली सरकवलं होतं. पुस्तक मात्र चांगलं खपलं. त्या वेळी मला आनंद आणि संताप यांतलं नेमकं काय वाटावं, हे ठरवता आलं नव्हतं.

आपल्याकडे तर या बाबतीत वेगळीच रीत आहे. रचणाऱ्याचं नाव माहीत नसलं की आपण एखादं मोठं नाव तिथे बसवतो. सापशिडीचा पूर्वज असलेल्या मोक्षपटाचं श्रेय महाराष्ट्रात परंपरेनं ज्ञानेश्वरांना दिलं जातं, पण आज पाहायला मिळणारे पट त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी झालेले आहेत. कोणत्या घरात कोणतं पाप, कुठून कुठवर शिडी, शेवटच्या ओळीत किती संकटं ठेवली म्हणजे खेळणाऱ्याचा धीर सुटणार नाही, हे कोणीतरी पुन्हा पुन्हा खेळून ठरवलं असणार. भक्तीपोटी दिलेल्या नावानं त्या माणसाची जागा भरून टाकली आणि शोधायचं कारणच उरलं नाही.

नाव टिकलेलाही एक खेळकर्ता आहे, पण तो राजा होता. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वोडेयर. १८३१ मध्ये ब्रिटिशांनी त्यांच्या हातून कारभार काढून घेतला. पुढची सदतीस वर्षं, १८६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते राज्य परत मिळावं म्हणून खटपट करत राहिले, आणि या काळात पटावरचे आणि पत्त्यांचे नवनवे खेळही रचत राहिले. राज्य परत मिळालं ते १८८१ मध्ये, त्यांच्या दत्तक पुत्राला. त्यांचे खेळ ग्रंथांत आणि संग्रहालयांत सुरक्षित आहेत, नावही सुरक्षित आहे. ते खेळणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे मॅगीबाईंना खेळगडी मिळाले, नाव नाही. कृष्णराजांना नाव मिळालं, खेळगडी नाहीत. दोघांपैकी कोणाचं नुकसान अधिक, हे सांगायला मी कचरते. पण नाव दिलं म्हणजे देणं फिटलं, असं नाही, एवढं यावरून दिसतं.

आता भाकरी. यासाठी आपल्या सावंतवाडीत जायला हवं.

गंजिफा म्हणजे गोल पत्त्यांचा खेळ. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. पुढे आपल्याकडे त्याला दशावताराचं रूप आलं: दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी पानं. दहापैकी पाच रंगांत दहा मोठा आणि एक लहान, उरलेल्या पाचांत याच्या उलट. दिवसा डाव मांडला तर उतारी रामाच्या राजाची आणि रात्री कृष्णाच्या राजाची. तिघांत चाळीस-चाळीस पानं वाटली जातात. हुकूम नसतो. कोणतं पान गेलं आणि कोणतं उरलं, हे डोक्यात ठेवावं लागतं.

सावंतवाडीचे चितारी हे पत्ते करत. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, पांढरा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, रंगवायचं, वर लाखेचा हात फिरवायचा. एका रंगात एक ते दहाच्या पानांवर मिळून ५५ चिन्हं येतात. म्हणजे दहा रंगांत ५५० बारीक चिन्हं, शिवाय वीस राजे-प्रधान, तेही सगळे हातानं. छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळायला लागल्यावर हे कोण घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काम जाणणारा माणूस शोधावा लागेल अशी वेळ आली. अशा वेळी संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला समजावून घेतली, स्वतः शिकली, आणि १९७०च्या दशकापासून राजवाड्यातच कारखाना चालवून ती पुढच्या कलाकारांना दिली. आजही दरबार हॉलमध्ये बसून बायका-पुरुष पानं रंगवताना दिसतात. सावंतवाडीच्या गंजिफाला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे लहान काम नव्हे. ज्या हातांना म्हातारपणी कोणी विचारत नव्हतं, त्यांच्याकडे शिष्य आले. ज्या ज्ञानाला गिऱ्हाईक नव्हतं, त्याला पगार मिळाला. एखाद्या विसरल्या गेलेल्या कारागिराच्या परतण्याची याहून चांगली गोष्ट मला मराठी मुलखात माहीत नाही. तरीही एक गोष्ट राहून जाते. आज गंजिफा घेणारे बहुतेक जण ती खेळायला घेत नाहीत. कोणी चौकटीत लावतं, कोणी भेट म्हणून देतं, कोणी कपाटात जपून ठेवतं. खेळाचे नियम सांगू शकेल असा माणूस विकत घेणाऱ्यांत क्वचितच असतो. चितारी परत आला, पत्ते परत आले, डाव परत आला नाही.

यात बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. माणसाला काम मिळालं, वस्तू टिकली, पुरे नाही का? बरीच वर्षं मलाही याचं उत्तर शब्दांत सांगता येत नव्हतं. ते मला बनारसमध्ये मिळालं.

मी राहते त्या दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी घरं आहेत, पण हे उत्तर मिळालं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, खोजवाँ आणि काश्मीरीगंज भागात. तिथल्या गल्ल्यांतून लाकूड कातण्याचा आवाज येतो. मराठीत ज्याला आपण कातारी म्हणतो, त्याला इथे खरादी म्हणतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची. घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडाला रंग धरतो. बनारसच्या या लाखकामालाही भौगोलिक मानांकन आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि बनारसची खेळणी शेजारी ठेवली तर दूरचे भाऊबंद वाटावीत.

तिथे माझ्या ओळखीचे एक वृद्ध खरादी आहेत. मी त्यांना चाचा म्हणते, ते मला बहनजी म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या वेळी घरात चौसरच्या गोट्या, म्हणजे आपल्या सारीपाटाच्या सोंगट्या, आणि बुद्धिबळाची मोहरी होत. आता सिंदूरदाण्या होतात, आणि फ्रिजवर चिकटवायची चुंबकं लावलेले पोपट. चाचांना पुन्हा सोंगट्या करायच्या आहेत. मी म्हटलं, चाचा, मागणी तर आहे, दुकानांत दिसतात की चौसरचे संच. त्यांनी मान हलवली. ते दिवाणखान्यात ठेवायचे संच, म्हणाले. गोटी मोठी हवी, चकाकती हवी. सोळा गोट्या एका वजनाच्या आहेत का, कोणी बघत नाही. बूड सपाट आहे का, पटाच्या कापडावर ठेवली तर कलंडते का, कोणी विचारत नाही. मग एक वाक्य हिंदीत म्हणाले, ते तसंच देते: “खेलने वाला लौटा देता था, बहनजी। कहता था, यह ठीक नहीं है।” खेळणारा माल परत आणून द्यायचा, हे बरोबर नाही म्हणायचा.

चाचांना आणखी गिऱ्हाईक नको होतं. त्यांना तक्रार करणारा माणूस परत हवा होता.

त्यानंतर मी गंजिफाकडे पुन्हा पाहिलं. १२० पानांच्या पाठी हुबेहूब सारख्या असाव्या लागतात. एका पाठीवर रंगाचा ओघळ राहिला तरी समोरचा ते पान ओळखेल आणि डाव बिघडेल. पानं एकमेकांवरून घसरली पाहिजेत, हातातल्या घामानं लाख चिकट होता कामा नये, मेणबत्तीच्या उजेडात मासा आणि कासव वेगळे दिसले पाहिजेत. या सगळ्या कसोट्या चित्रकलेच्या नाहीत, खेळाच्या आहेत. चौकटीतल्या पानाची पाठ कोण बघतो? कारागीर आपल्या प्रामाणिकपणानं पाठी सारख्या ठेवतोही, पण ते मागणारं कोणी उरत नाही. खेळणारे गेले की गिऱ्हाईक कमी होतं एवढंच घडत नाही, काम चांगलं की वाईट हे ठरवणारी माणसंच निघून जातात. मग जे उरतं ते कौतुक. आणि कौतुकाला चूक दिसत नाही.

म्हणून तिसरं देणं मला वेगळं आणि सर्वांत जड वाटतं. पुस्तक कोणी वाचलं नाही तरी ते पुस्तक असतं, कपाटात वाट पाहू शकतं. न खेळलेला खेळ म्हणजे नुसतं लाकूड, कापड, पुठ्ठा. खेळ रचणारा अर्धंच काम करतो, उरलेलं दुसऱ्यांनी बसून पुरं करायचं असतं. त्यामुळे परतण्याची त्याची आशा इतरांसारखी नसते. त्याला बाजारात जागा मिळून भागत नाही. त्याला समोर बसणारं, नियम मोडून बघणारं, हरल्यावर चिडणारं, ‘इथे काहीतरी चुकलंय’ असं सांगणारं कोणीतरी हवं असतं.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा, की ज्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे, त्याच्यापुढे खेळगड्यांच्या गोष्टी करणं हा सुखवस्तू माणसाचा चोचला आहे. आधी पैसा द्या. बरोबर आहे. चौकटीत लावण्यासाठी गंजिफा घेणारा गिऱ्हाईक त्या कलाकाराचं घर चालवतो, आणि नियम पाठ असलेला पण काहीच न घेणारा रसिक चालवत नाही. भाकरीचं देणं पहिलं, यात वाद नाही. माझं म्हणणं इतकंच, की ते फेडल्यावर बाकीचं फिटलं असं समजू नये. ‘आम्ही हा खेळ पुनरुज्जीवित केला’ असं फलकावर लिहिताना, खेळ की वस्तू, एवढं स्वतःला विचारावं. मॅगीबाईंना ५०० डॉलर मिळाले तेव्हा व्यवहार पुरा झाला होता. त्यांच्या लेखी काम तिथून सुरू व्हायचं होतं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लोकांची आवड बदलते. एखाद्याचा खेळ खेळायला मला आवडत नसेल तर तो खेळलाच पाहिजे असं कर्तव्य माझ्यावर कुठून येतं? खेळ सक्तीनं खेळला तर तो खेळच राहत नाही. हेही मान्य. खेळला जाण्याचा हक्क कोणालाच नाही. १९३९ मध्ये मॅगीबाईंचा खेळ दुकानात आला आणि लोकांनी घेतला नाही, यात लोकांनी अन्याय केला असं मला म्हणता येणार नाही.

पण हक्क नसला म्हणजे आशा खोटी ठरत नाही. हक्क मागता येतो, आशा नुसती समोर ठेवता येते, आणि तिच्याशी कसं वागायचं हे समोरच्यावर सोपवलेलं असतं. एखाद्यानं आपल्या आयुष्याची वर्षं घालून काही रचलं आणि आपल्यापुढे ठेवलं, तर त्याला निदान एक नेकीचा डाव द्यावा, नियम समजून घेऊन, शेवटपर्यंत. नाही आवडला तर तसं सांगावं. हे त्याच्यावर उपकार नाहीत. न खेळता केलेल्या वाहवेपेक्षा खेळून दिलेला नकार त्याला माणूस म्हणून अधिक मान देतो. अनुवादाच्या बाबतीत हा अनुभव मी घेतला आहे. ‘सहज, प्रवाही अनुवाद’ असं परीक्षणात वाचलं की पुस्तक उघडलं होतं का, अशी शंका येते. एका वाचक आजींनी मात्र पत्र लिहून कळवलं, की अमुक पानावर तुमची नायिका परकर म्हणते, तिच्या गावात घागरा म्हणतात. त्या पत्राइतकं मोल मला कुठल्या स्तुतीचं वाटलं नाही. आपण रचलेल्या पटावर कोणीतरी येऊन बसलं होतं.

हे देणं फेडता येतं, हे दाखवणारी माणसंही आहेत. म्हैसूरमध्ये रामसन्स कला प्रतिष्ठान ‘क्रीडा कौशल्य’ या नावानं जुन्या पटांची प्रदर्शनं भरवतं, आणि चेन्नईतली ‘क्रीडा’ ही संस्था २००२ पासून जुने खेळ नव्यानं करून विकते. दोन्हीकडे मला आवडणारी गोष्ट एकच. पट देताना नियमही देतात, बसून शिकवतात. वस्तू हातात पडते तेव्हा ती कशासाठी आहे हेही हातात पडतं. पुण्या-मुंबईत आता पटावरच्या खेळांचे कॅफे आहेत, तरुण मुलं तासन् तास परदेशी खेळांची जाडजूड नियमपुस्तकं वाचत बसतात. म्हणजे किचकट नियम शिकायची तयारी आपल्यात नाही असं नाही. पाच रंगांत दहा मोठा आणि पाच रंगांत एक मोठा, एवढं लक्षात ठेवणं त्या मुलांना काहीच जड जाणार नाही. फक्त त्यांच्या टेबलावर ते कोणी ठेवलेलं नाही.

खेळ रचणाऱ्यानं परतण्याची आशा धरावी का, या प्रश्नाला माझं उत्तर होकाराचं आहे, पण त्या आशेचा पत्ता नीट लिहायला हवा. ती कंपनीच्या, सरकारच्या किंवा संग्रहालयाच्या नावानं लिहिली तर नाव मिळेल, कदाचित भाकरीही मिळेल, आणि दोन्ही मिळायलाच हवीत. पण खरं परतणं त्यांच्या हातात नाही. ते दोन-तीन साध्या माणसांच्या हातात आहे, ज्यांना संध्याकाळी तासभर वेळ आहे आणि हरायची तयारी आहे.

यंदा दिवाळीच्या आधी मी चाचांकडून सोळा सोंगट्या करून घेतल्या. कवड्या घरात होत्या, कापडाचा पट शेजारच्या काकूंनी शिवला. आम्ही चौघी जणी रोज रात्री खेळतो. हिरव्यांपैकी एक सोंगटी जरा कलंडते. पुढच्या आठवड्यात खोजवाँकडे जाईन तेव्हा ती परत घेऊन जाणार आहे.